नवरीचा कडा

"इथलंच तुटलं होतं," तो म्हणाला. "मी सांगतो ना, इथलंच."

त्याने हात लांब करून दाखवलं आणि आम्ही सगळे तिकडे बघायला लागलो. पश्चिम कड्यावरचं रेलिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उभं होतं. हवालदाराने पुढे होऊन त्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. ते जागचं हललं नाही. हवालदाराने तळवे उलटे करून पाहिले. निळा रंग लागला होता. तो त्याने रुमालाला पुसला.

"दिवाळीचं रंगकाम चाललंय," अप्पासाहेब सपकाळ म्हणाले. "सगळ्याच पॉइंटवर."

हवालदार त्या माणसाकडे वळला. "कुठं तुटलंय दाखवा बरं, कुलथे."

सुहास कुलथे पुढे आला. बार्शीकडचा शाळामास्तर, लग्न होऊन चारच महिने झालेले. त्याच्या पायात एकच चप्पल होती. त्याने रेलिंगच्या आडव्या पाइपावर बोट ठेवलं, मग शेजारच्या खांबावर, मग पुन्हा पहिल्या जागी. आपल्याच डोळ्यांवरून विश्वास उडालेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. भैरवमाळला माझे दोन घोडे होते. सिझनमध्ये पाहुण्यांना बाजारातून कड्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, हा धंदा. आम्ही गवळी धनगर. त्या कड्याच्या पोटातल्या वाटा माझ्या बापजाद्यांनी जनावरांमागे फिरून पाडलेल्या. म्हणून कोणी पडलं, माणूस असो की म्हैस, की गावात एकच नाव निघायचं: भागोजी ढेबेला बोलवा.

आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. स्टॉलवाले, घोडेवाले सगळे पूजेसाठी लवकर घरी गेलेले. संध्याकाळी धुकं चढलं तेव्हा कड्यावर हे दोघंच होते. ती पडली आणि तो धावत सगळ्यात जवळच्या दिव्याकडे गेला. तो दिवा अप्पासाहेबांच्या हॉटेलचा. त्यांनी त्याला ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि सकाळपर्यंत एकट्याला कुठे सोडलं नाही. मला निरोप द्यायला इकबाल नालबंद आला होता. तोही घोडेवाला, आणि दरीत उतरायचं असलं की माझा दोर धरणारा तोच.

"अप्पा म्हणाले, धुकं हाय. सकाळी उतरायचं," इकबाल म्हणाला.

"बरं," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.

सकाळी मी दोर जांभळीच्या खोडाला बांधला आणि उतरलो. कडा सरळ तुटलेला नाही. दीडशे फुटांवर एक टप्पा आहे, कारवीच्या गचपणाने भरलेला, आणि त्याच्या पुढे मग खरी दरी. ती टप्प्यावरच होती. हातात हिरवा चुडा, त्यातल्या बऱ्याच बांगड्या फुटलेल्या. तिच्यापासून चार हातांवर कारवीत रेलिंगचा तुकडा पडला होता. दोन खांब आणि मधले दोन आडवे पाइप, तसेच एकमेकांना चिकटलेले. खांबांच्या बुडाला सिमेंटचा कण नव्हता. बोल्ट गंजून सुपारीएवढे उरलेले, आणि एका जोडाला वेल्डिंगऐवजी बांधणीची तार गुंडाळलेली.

वरून इकबालचा आवाज आला. "भागू, हाय का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. काही वेळाने म्हणालो, "हाय. झोळी सोड."

ती वर आली तेव्हा सुहासला जीपमध्ये बसवलं होतं. त्याला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. अप्पासाहेब मला बाजूला, जांभळीखाली घेऊन गेले. त्यांच्या हातात चहाचा पेला होता. तो त्यांनी माझ्यासाठीच धरला होता.

"लागलं का कुठं?"

"न्हाई."

"खाली काय दिसलं?"

"बाई दिसली."

"आणखी?"

मी चहा प्यायलो. ते थांबून राहिले. अप्पासाहेबांचा हा गुण होता, समोरच्याचं बोलून होईपर्यंत ते थांबायचे. माझ्या बापाला साप चावला तेव्हा त्यांनीच जीप काढून त्याला खालच्या दवाखान्यात नेला होता. बाप वाचला नाही, पण जीप त्यांनी काढली होती.

"पाइप हायेत," मी म्हणालो.

"इकबालला बोललास?"

"न्हाई."

त्यांनी रेलिंगकडे पाहिलं. ते काम दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेहुण्याने केलेलं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"भागोजी, हे बारा दिवस आपला सिझन. मग मे महिना. बाकी वर्षभर आपण पाऊस आणि धुकं खातो. या बारा दिवसांवर किती चुली आहेत? तुझे घोडे, तुझ्या आईची कणसं, टॅक्सीवाले, चिक्कीवाले, हॉटेलातली पोरं. पेपरात आलं की कड्यावरचं रेलिंग कुजकं आहे, तर उद्या कलेक्टर सगळेच पॉइंट बंद करतील. मग पाहुणा कशाला येईल इथं? माझा चेहरा बघायला?"

"आणि तो मास्तर?"

"त्याला काय होतंय? पाय घसरला असं लिहितील. बिचारा रडेल आणि घरी जाईल. गेलेली काही परत येत नाही."

फौजदार नऊ वाजता आले. पंचनाम्यावर मी पंच म्हणून सही केली. त्यात लिहिलं होतं की मयताच्या आसपास संशयास्पद असं काही मिळून आलं नाही. दुसरी सही इकबालची. त्याच्याही तळव्याला निळा रंग होता. दोर सरकू नये म्हणून त्याने रेलिंगला पाय दिला होता, हात टेकले होते. तो मला काही बोलला नाही आणि मीही त्याला काही बोललो नाही.

पाय घसरला असं लिहिणं मात्र जमलं नाही, कारण सुहास ऐकेना. तो प्रत्येक जबाबात तेच सांगत राहिला, रेलिंग तुटलं म्हणून. मुलीचे भाऊ आले. त्यांनी कडा पाहिला, रेलिंग हलवून पाहिलं. माणूस एवढं धडधडीत खोटं का बोलेल? काहीतरी लपवायचं असेल तरच. चौथ्या दिवशी त्याला अटक झाली. पेपरात मोठा मथळा आला, नवऱ्याने नवरीला कड्यावरून लोटलं.

मी अप्पासाहेबांकडे गेलो. ते हॉटेलच्या बागेत उभे होते.

"अप्पा, त्याला आत टाकला."

"वाचलं मी."

"तुम्ही म्हणालात घरी जाईल."

"आपण कुठं सांगितलं, त्याला आत टाका म्हणून? पुरावा नसला की सोडतात. कोर्ट आहे, भागोजी. आपण कोर्ट नाही."

मी परत आलो. रस्त्यात मला गाड्यांची रांग लागली. सिझन बसेल अशी सगळ्यांना धास्ती होती, आणि झालं उलटं. पेपर वाचून लोक कडा बघायला यायला लागले. पुण्याहून, सोलापूरहून, लांब गुजरातेतून. पहिल्यांदा टॅक्सीवाल्यांनी नाव पाडलं, 'नवरीचा कडा'. आठ दिवसांत ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. डिसेंबरात नाक्यावर नवी पाटी लागली, तिच्यावर बाण काढून तेच नाव लिहिलेलं. स्टॉलवर हिरव्या बांगड्या विकायला आल्या. माझ्या आईने त्या वर्षी जेवढी कणसं भाजली तेवढी कधी भाजली नव्हती. तिच्या बोटांना फोड यायचे.

आणि पाहुणे घोड्यावर बसले की विचारायचे, "ती जागा कुठली हो? काय झालं होतं नेमकं?"

मी सांगायला लागलो. आधी दोन-चार वाक्यं. मग लक्षात आलं की गोष्ट नीट सांगितली तर पाहुणा दुसऱ्या फेरीलाही आपलाच घोडा मागतो. मग गोष्ट वाढत गेली. ती हात जोडत होती. त्याचं आधीपासून दुसरीवर मन होतं. पडताना तिने एकच हाक मारली, आईला. यातलं एक अक्षर खरं नव्हतं, आणि ते मला भैरवमाळमधल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी मी ते रोज सांगायचो, दिवसातून सात-आठ वेळा. मनाला लागायचं का? पहिला आठवडा लागलं. मग गोष्ट पाठ झाली आणि लागेनासं झालं.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका दुपारी बाजारात एक म्हातारी बाई माझ्यापाशी आल्या. साठीच्या पुढच्या, फिकट सुती पातळ, काखेत कापडी पिशवी. एकट्याच होत्या. म्हाताऱ्या बाया सहसा एकट्या येत नाहीत.

"त्या कड्यापर्यंत चालत जाता येतं का?"

"लांब पडंल मावशी. बसा घोड्यावर, गरीब हाय. सावकाश नेतो."

त्यांच्या गुडघ्यांना त्रास होता. ओट्यावर उभं करून मी त्यांना बसवलं आणि लगाम धरून चालायला लागलो. पहिल्या वळणावर त्यांनी विचारलं, "तिथे काय झालं होतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

मी गोष्ट सुरू केली. जांभळीच्या बनातून जाताना मी त्यांना दुसऱ्या बाईबद्दल सांगितलं. कड्याजवळ आल्यावर ती कशी हात जोडत होती ते सांगितलं. मी मागे वळून पाहिलं तर त्या समोर बघत होत्या, दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"तुम्ही स्वतः काही पाहिलं होतं?"

"मीच काढलं तिला वर," मी म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण हे मी नेहमी जरा छाती काढून सांगायचो.

त्यांनी खोगीर सोडलं. मग म्हणाल्या, "उतरवा मला."

मी उतरवलं. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, चालत रेलिंगपाशी गेल्या आणि त्याला दोन्ही हातांनी धरलं. आधी हळू ओढलं. मग जोर लावून ढकललं. मग खांद्याने रेटलं. त्यांचा पदर खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. आजूबाजूचे पाहुणे बघायला लागले. मी धावत गेलो.

"मावशी, काय करताय?"

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "मी सुहासची आई."

माझ्या हातात त्यांची पिशवी होती. ती खाली ठेवावी की धरून राहावं, हे मला कळेना.

"सहा महिने तो मला एकच सांगतोय," त्या म्हणाल्या. "आई, ते तुटलं होतं. दर भेटीला तेच. लोक काय वाटेल ते बोलतात, माझी सख्खी बहीण बोलली. मी म्हटलं, माझा मुलगा मला खोटं सांगणार नाही. पण मग मला झोप येईना. म्हटलं, एकदा स्वतः जाऊन हात लावून बघायचं." त्यांनी पुन्हा पाइपावर हात ठेवला. "पोलीस खोटं बोलतील, वकील बोलतील. लोखंड कशाला खोटं बोलेल?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्याचे वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. शिवणकाम करून शिकवला. मुलगी मीच पसंत केली होती, वैदेही." नाव घेताना त्यांनी पडलेला पदर उचलून खांद्यावर घेतला. "तिच्या आईला मी शब्द दिला होता."

"मावशी, बसा जरा. पाणी आणू?"

"नको. आता मी त्याला भेटायला जाणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच ठरवायचं होतं. चला, साडेचारची गाडी आहे मला."

त्याच वाटेने मी त्यांना परत नेलं. दोन मैल. दर वळणावर वाटायचं, आता बोलावं. बोलायला चार शब्द पुरे होते. बस स्टँडवर त्यांना उतरवलं, पिशवी दिली. त्यांनी मला नमस्कार केला. "तुम्ही तिला वर आणलंत, तुमचे उपकार आहेत," म्हणाल्या. गाडी सुटली आणि मी तिथेच घोड्याचा लगाम धरून उभा राहिलो. शेवटी कंट्रोलरने घोडं बाजूला घे म्हणून हाकललं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटा उतरलो. वर दोर धरायला कोणाला बोलावलं नाही. तुकडा जिथल्या तिथे होता, गंजाने अजून लाल झालेला. एकट्याने तो वर काढायला दुपार झाली. कड्यावर तोवर गर्दी जमली होती. इकबालही होता. त्याने पाइप पाहिले, बुडाचे बोल्ट पाहिले, तार पाहिली.

"खाली टाक ते," तो हळू आवाजात म्हणाला. "भागू, सिझन चालू हाय. माझ्या पोरीचं लगीन धरलंय."

"तुला म्हाईत होतं?"

"रंगाचा वास आला तवाच कळलं. तुला न्हाई कळलं?"

मी पाइप घोड्यावर आडवे बांधले आणि भर बाजारातून निघालो. अप्पासाहेब हॉटेलच्या फाटकात आले होते. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाले, "तुझ्या आईला विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सुहासच्या वकिलाने तो तुकडा कोर्टात ठेवला, कड्यावरच्या वेल्डिंगची तपासणी झाली आणि जूनमध्ये त्याला जामीन मिळाला. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. खोटी सही केली म्हणून माझ्यावरही केस झाली आणि मला चार महिने झाले. अप्पासाहेबांच्या मेहुण्यावर खटला भरला, तो संपायच्या आत मेहुणाच वारला. आणि अप्पासाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं, सगळे पॉइंट दोन सिझन बंद राहिले. साठ-सत्तर घोडे नुसते चारा खात उभे. इकबालने घोडी विकली आणि त्याच्या पोरीचं लग्न मोडलं. माझ्या आईचा स्टॉल एका दुपारी कोणीतरी उलथून टाकला. निखारे तिच्या पायावर पडले. कोणी ते पाहिलं नाही म्हणे. मी सुटून आलो त्याच महिन्यात आम्ही भैरवमाळ सोडलं. आई खाली आल्यावर दीड वर्ष जगली. त्या दीड वर्षात ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली.

निकालाच्या दिवशी सुहासची आई कोर्टात मागच्या बाकावर बसली होती. मुलगा सुटला तरी ती उठून त्याच्याजवळ गेली नाही. तोही तिच्याकडे गेला नाही. नंतर वकिलांकडून कळलं की मे महिन्यापासून जामीन होईपर्यंत ती त्याला तुरुंगात भेटायला गेलीच नव्हती, आणि का गेली नाही हे त्याला समजलं होतं.

तो बाहेर माझ्याकडे आला. कोर्टासमोर लिंबाखाली मी पोलिसांबरोबर उभा होतो. माझी तारीख त्याच दिवशी होती. केस पांढरे झाले होते त्याचे, तिशीही ओलांडलेली नसताना. तो शिव्या देईल किंवा हात उचलेल, असं वाटलं होतं. हवालदारानेही सावध होऊन पाऊल पुढे टाकलं.

"एकच विचारायचं आहे," सुहास म्हणाला. "तुम्ही खाली गेलात तेव्हा... म्हणजे, ती पडल्या पडल्या गेली असेल ना? मी हाका मारल्या होत्या, उत्तर आलं नाही. धुकं होतं, वारा होता. मला ऑफिसात बसवून ठेवलं. मी म्हणत होतो, आत्ता उतरा कुणीतरी."

"लगेच गेली असणार," मी म्हणालो. "त्रास झाला न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मान हलवली. "मग बरं," म्हणाला आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागला.

भैरवमाळचे लोक अजून म्हणतात की आधी मला अप्पासाहेबांनी गप्प बसवलं आणि मग माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली. दोन्ही खरं नाही. अप्पासाहेबांनी जांभळीखाली मला विचारलं त्याच्या आधीच मी गप्प झालो होतो.

ती पडली होती तिथे नव्हती. कारवी मोडून, घसटत, ती सहा-सात हात आत कातळाच्या आडोशाला गेली होती, जिथे वारा लागत नाही. मोडलेल्या पायाला तिने स्वतःची ओढणी करकचून बांधली होती. दोन गाठी. इतक्या नीट गाठी बांधायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. तिच्या अंगात अजून थोडी ऊब होती. तसल्या धुक्यात मी त्याआधी दोनदा उतरलो होतो, एकदा तर एका म्हशीच्या रेडकासाठी. आदल्या संध्याकाळी उतरलो असतो तर वर रेलिंग जोडणाऱ्यांना काम थांबवावं लागलं असतं, आणि ती जगली असती. मी बरं म्हणालो होतो आणि पुरणपोळी खाल्ली होती.

वरून इकबालने हाक मारली तेव्हा मी त्या गाठी सोडत होतो. ओढणी दरीत टाकली, तिला ओढून बाहेर कारवीत आणली, आणि मग म्हणालो, "हाय. झोळी सोड."